'द लास्ट किंगडम'चे तेरा भाग: म्हातारा उट्रेड शेवटपर्यंत टिकतो का?

बर्नार्ड कॉर्नवेलची ही ऐतिहासिक कादंबऱ्यांची मालिका २००४ मध्ये 'द लास्ट किंगडम'ने सुरू झाली आणि २०२० मध्ये 'वॉर लॉर्ड'ने संपली. एकूण तेरा कादंबऱ्या. पहिले दोन-तीन भाग वाचून लिहिलेली परीक्षणं ढिगाने सापडतात. पण एवढी मोठी मालिका हाती घ्यावी की नाही, हे खरं ठरतं सातव्या भागानंतर, जिथे नायक पन्नाशी ओलांडतो. काही महिने या मालिकेसोबत काढल्यावर, काही भाग कागदावर, काही किंडलवर आणि काही ऑडिओवर संपवल्यावर हे लिहितो आहे. कथेतले काल्पनिक धक्के फोडणार नाही. इतिहासातले मृत्यू आणि लढाया मात्र येतील, त्या कुठल्याही पुस्तकात आहेतच.

उट्रेड हा उत्तर इंग्लंडातल्या नॉर्थम्ब्रिया राज्यातल्या बेबनबर्गच्या, म्हणजे आजच्या बॅम्बरोच्या, सॅक्सन सरदाराचा मुलगा. ८६६ मध्ये डेन, म्हणजे डेन्मार्ककडचे वायकिंग, येतात, पुढच्या वर्षी यॉर्कपाशी बाप पडतो, पोरगा डेन घरात वाढतो आणि किल्ला काका गिळतो. तिथून पुढे हा माणूस उभा जन्म दक्षिणेतल्या वेसेक्स राज्याच्या आल्फ्रेड राजासाठी, मग त्याच्या मुलांसाठी, मग नातवासाठी तलवार चालवतो. मनाने मात्र थॉर आणि ओडिन या डेन देवांचाच राहतो. पाद्र्यांशी त्याचं कधी पटत नाही आणि किल्ला डोक्यातून जात नाही.

सगळं तो स्वतः सांगतो, तेही म्हातारपणी बसून. पहिल्या भागात दहा वर्षांचं पोर घोड्यावरून पडतंय आणि सांगणारा आवाज आहे पिकल्या केसांच्या, कुणाचीच भीड न बाळगणाऱ्या माणसाचा. मालिकेची खरी ताकद इथे आहे. हा आवाज फुशारकी मारतो, मध्येच थांबून 'तेव्हा मी मूर्ख होतो' म्हणून मोकळा होतो, मेलेल्या शत्रूची तारीफ करतो आणि जिवंत मित्राला टोमणा मारतो. याची किंमतही आहे. नायक मरणार नाही हे पहिल्याच पानावर कळतं. लेखक त्यावर उपाय म्हणून सोबत्यांचे बळी देतो, आणि ते कधी देईल याचा अंदाज येत नाही. ज्यांना आवडत्या पात्रांचा जीव प्यारा आहे त्यांनी मन घट्ट करूनच बसावं.

आता वयाचा हिशेब, कारण मालिकेतली सगळ्यात मोठी फट तीच आहे. ८६६ ला दहा वर्षांचा धरला तर ८७८ च्या एडिंग्टनच्या लढाईत तो बावीसचा. आल्फ्रेड २६ ऑक्टोबर ८९९ ला मरतो तेव्हा त्रेचाळीसचा. ९१० च्या टेटनहॉलच्या लढाईत चोपन्न. आल्फ्रेडचा नातू एथलस्टन ९२७ मध्ये यॉर्क घेतो तेव्हा एकाहत्तर. आणि ९३७ च्या ब्रुनानबर्गच्या लढाईत एक्याऐंशी! लेखकालाही हे ठाऊक आहे, म्हणून शेवटच्या भागांत वयाचा आकडा धूसर ठेवून 'म्हातारा झालो' एवढ्यावर भागवलं जातं. आकडेमोड करत वाचणाऱ्याला हे खुपतं. न करणाऱ्याला अजिबात खुपत नाही, इतकं लिखाण जोरकस आहे.

पण म्हातारा योद्धा ही गोष्टच खोटी का? नाही. ब्रुनानबर्गच्या लढाईवरचं जुनं इंग्रजी काव्य 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल' या जुन्या बखरीत ९३७ च्या नोंदीत आहे. त्यात पराभूत स्कॉटिश राजा कॉन्स्टंटाइनला पांढऱ्या केसांचा लढवय्या म्हटलंय. तो ९०० पासून गादीवर होता, त्या लढाईत त्याचा मुलगा पडला, आणि काही वर्षांनी राज्य सोडून तो मठात गेला. ९९१ मध्ये मॉल्डनला वायकिंगांशी लढताना पडलेला एसेक्सचा ब्यर्टनॉथही साठी ओलांडलेला होता, ३५ वर्षं त्या प्रदेशाचा कारभार पाहिलेला. म्हणजे त्या काळात म्हातारे रणांगणावर असत. फक्त पहिल्या रांगेत घुसून चार-पाच जण कापत नसत.

आणि नेमकं इथेच कॉर्नवेल मधल्या भागांत फार चांगला लिहितो. त्याची शिल्ड वॉल, ढालींची भिंत, समजून घेतली तर वय कुठे मारतं ते कळतं. ढाल लाकडी, गोल, साधारण ८० ते ९० सेंटीमीटर व्यासाची, जाडी सेंटीमीटरच्या आत. मधोमध लोखंडी वाटी आणि तिच्या मागे मूठ. ढाल डाव्या हातात, म्हणून तुमची उजवी बाजू शेजाऱ्याच्या ढालीच्या भरवशावर. माणसं इतकी खेटून उभी की लांब तलवार फिरवायला जागाच उरत नाही. म्हणून उट्रेडकडे दोन पाती आहेत: सर्पेंट-ब्रेथ ही लांब तलवार आणि वास्प-स्टिंग हे आखूड पातं. भिंतीत काम करतं ते आखूड पातं, ढालीखालून मांडीत किंवा पोटात. कुऱ्हाडवाला समोरच्या ढालीची वरची कड अडकवून खाली ओढतो, त्याच क्षणी मागच्या रांगेतला भाला त्या फटीत जातो. भिंतीत एक माणूस पडला की शेजाऱ्याची उजवी बाजू उघडी पडते, आणि पळापळ तिथून सुरू होते. बहुतेक माणसं मरतात ती पळताना.

यात मनगटापेक्षा दम आणि गुडघे जास्त लागतात, अंगावर दहा किलोच्या वरचं कडीचं चिलखत असतं ते वेगळंच. म्हणून वाढत्या वयाचा उट्रेड जागा निवडायला लागतो: चढ, खंदक, ओढा, सूर्य कुणाच्या डोळ्यांत. लढाईआधीचे तासन्तास चालणारे शिव्याशाप, पोटात गोळा आल्यामुळे ढोसलेली बीअर, मुतायला गेलेली माणसं, हे सगळं तो नेमकं सांगतो. सातव्या भागात, 'द पेगन लॉर्ड'मध्ये, टेटनहॉलला त्याला झालेली जखम आठव्यात भरत नाही. घोड्यावर बसताना कळ येते, श्वास घेताना येते, आणि ती सोबत्यांपासून लपवताना त्याची जी तारांबळ उडते ती पानं मला पूर्ण मालिकेत सर्वांत खरी वाटली. आठव्या भागाचं, 'द एम्प्टी थ्रोन'चं, सुरुवातीचं प्रकरण तर त्याच्या मुलाच्या तोंडून आहे. म्हातारा बाहेरून कसा दिसतो हे तिथे पहिल्यांदा कळतं. हा प्रयोग एकदाच करून लेखकाने सोडून दिला, याची चुटपुट लागते.

बिघडतं ते पुढे. अकराव्या आणि बाराव्या भागात हाच माणूस पुन्हा अशा माराला सामोरा जातो की तिशीतला गडीही अंथरुणाला खिळावा. बाराव्या भागात, 'सोर्ड ऑफ किंग्ज'मध्ये, शत्रूच्या हातून त्याची जी विटंबना होते ती अंगावर येते. पण त्यानंतर तो ज्या वेगाने सावरतो तो पटत नाही. तेराव्या भागात लेखक भानावर येतो: उट्रेड बरंचसं पाहतो, सल्ला देतो, भीती कबूल करतो. शेवट चांगला आहे.

दुसरी तक्रार साच्याची. आपले लोक थोडे, शत्रू अफाट, राजा ऐकत नाही, पाद्री चुगल्या करतो, उट्रेड हट्टाने एक अवघड जागा धरतो, भिंत फुटायच्या बेतात असते आणि मदत येते. तिसऱ्या-चौथ्या वेळी मदत कुठल्या पानावर येणार हेही सांगता येतं. नियतीबद्दलचं ठरलेलं वाक्यही पुन्हा पुन्हा येतं. सलग वाचलं तर हे जास्त जाणवतं. दोन भागांनंतर दुसरं काही वाचून परत आलं की कंटाळा येत नाही, हे अनुभवाने सांगतो.

इतिहास किती खरा? प्रत्येक भागाच्या शेवटी लेखकाची टीप असते. त्यात तो काय बदललं ते सरळ सांगतो. ती आधी वाचू नका, सगळं फुटतं. मोठी गोष्ट ही की आल्फ्रेडच्या काळात असा उट्रेड नव्हता. बेबनबर्गचा खरा गाजलेला उट्रेड शतकाहून अधिक काळाने होऊन गेला, १०१६ मध्ये मारला गेला. लेखक स्वतःला त्या घराण्याचा वंशज मानतो आणि त्याने ते नाव उचलून मागे नेलं. ९२७ मध्ये बॅम्बरो एल्ड्रेड नावाच्या सरदाराकडे होतं आणि त्याने एथलस्टनपुढे मान तुकवली. सगळ्यात जास्त अन्याय झालाय तो मध्य इंग्लंडातल्या मर्सिया राज्याच्या एथलरेडवर. नोंदींमधला एथलरेड आल्फ्रेडचा भरवशाचा साथीदार होता. इथे तो पोकळ, दुष्ट नवरा आहे. त्याची बायको एथलफ्लेड, आल्फ्रेडची मुलगी, ९११ नंतर एकटीने मर्सिया चालवते, एकामागोमाग एक गढ्या बांधते, ९१७ मध्ये डर्बी घेते, १२ जून ९१८ ला टॅमवर्थला मरण पावते. ती मात्र सुरेख उतरली आहे. उट्रेडसोबतचं तिचं प्रेमप्रकरण तेवढं लेखकाचं. डेन लोक इथे मोकळे, हसरे आणि पाद्री बहुतेक कावेबाज. डब्लिनच्या बाजारात वायकिंग माणसं विकत होते हे अधूनमधून येतं, पण झळ बसेल असं क्वचितच. अपवाद तिसऱ्या भागाचा, तिथे उट्रेड स्वतः गुलाम म्हणून वल्ह्याला बांधला जातो.

शिंगवाली शिरस्त्राणं पुस्तकांत नाहीत, हे बरं. ती एकोणिसाव्या शतकातल्या रंगमंचाची देणगी.

चौथ्या भागापासून 'बर' हा तटबंदीचा प्रकार सतत येतो, आणि तो नीट कळला तर अर्धं राजकारण सुटतं. आल्फ्रेडच्या घराण्याने वेसेक्सभर अशा ३० च्या आसपास जागा उभ्या केल्या. 'बर्गल हायडेज' या यादीचा हिशेब असा: हायड हे जमिनीचं माप, एका हायडमागे एक माणूस, आणि तटाच्या दर ५ मीटरला चार माणसं. विंचेस्टरच्या नावे २४०० हायड आहेत, म्हणजे ५ मीटरचे ६०० तुकडे, म्हणजे सुमारे ३ किलोमीटर तट. तिथला जुना रोमन तट मोजला तर जवळपास तेवढाच भरतो. डेन घोड्यावरून येऊन लुटून पळायचे. वेढा घालून बसायला त्यांच्याकडे ना अवजारं होती ना धान्य. म्हणून कादंबऱ्यांत ते बरपाशी आले की अडतात. हे माहीत नसेल तर 'हे सरळ चाल का करत नाहीत' असा प्रश्न दर भागात पडत राहतो.

वाचताना अडचण येते ती नावांची. एथलरेड, एथलवोल्ड, एथलहेल्म, एथलस्टन, एथलफ्लेड: पहिल्या पन्नास पानांत घोळ होणारच. गावांची नावंही जुनी आहेत: लुंडेने म्हणजे लंडन, ऑफरविक म्हणजे यॉर्क, नुसतं चेआस्टर म्हणजे चेस्टर. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला या नावांची यादी आणि नकाशा असतो. किंडलवर तो नकाशा निरुपयोगी, अक्षरं लागत नाहीत आणि मोठा केला की फाटतो. मोबाइलवर स्क्रीनशॉट काढून ठेवणं किंवा इंग्लंडचा नद्या दाखवणारा साधा नकाशा छापून घेणं उत्तम. सेव्हर्न, थेम्स, हंबर आणि मर्सी या चार नद्या कुठे आहेत एवढं कळलं तरी जवळजवळ प्रत्येक मोहीम समजते. ऑडिओत उच्चार आपोआप बसतात, पण नावं ऐकून लक्षात ठेवणं कठीण. म्हणून पहिले दोन भाग तरी डोळ्यांनी वाचा. इंग्रजी सोपं आहे, वाक्यं आखूड. चिलखत-ढालींचे दहा-बारा शब्द कळले की कोश लागत नाही.

प्रकाशनाचा क्रम आणि कथेचा क्रम एकच, तो मोडू नका. पण तेराही भाग वाचणं सक्तीचं नाही. पहिले तीन वाचून थांबलात तर कथा बऱ्यापैकी बंद होते. केवळ वय होत जाणाऱ्या योद्ध्यासाठी वाचणार असाल तर एक, दोन, सहा, सात, आठ, दहा आणि तेरा घ्या. सहाव्यात, 'डेथ ऑफ किंग्ज'मध्ये, मरणाला टेकलेल्या आल्फ्रेडची आणि उट्रेडची भेट आहे. आयुष्यभर एकमेकांना न आवडलेली, एकमेकांवाचून न चाललेली ही दोन माणसं समोरासमोर येतात आणि लेखक एकदाही भाबडा होत नाही. दहाव्यात बेबनबर्गचा निकाल लागतो. नऊ आणि अकरा मला घाईत उरकल्यासारखे वाटले.

याच लेखकाने असईच्या, म्हणजे जालना जिल्ह्यातल्या २३ सप्टेंबर १८०३ च्या लढाईवर आणि गाविलगडावरही कादंबऱ्या लिहिल्या आहेत. तिथे नायक कंपनीच्या बाजूचा इंग्रज शिपाई आहे. त्या वाचणाऱ्या मराठी वाचकाला एक गोष्ट जाणवेल: उट्रेडमध्ये दोन्ही बाजूंची चूल पाहिलेला माणूस बोलतो, तसा तिथे कुणी नाही.

टीव्ही मालिका २०१५ ते २०२२, पाच सीझन, मग २०२३ चा चित्रपट. सीझनमागे साधारण दोन पुस्तकं. चांगली आहे, पण त्यात उट्रेडचं वय वाढत नाही. दाढी थोडी लांबते एवढंच. सीझन पाहून मग पुस्तकाकडे येणार असाल तर अकराव्या भागापासून सुरू करायचा मोह टाळा. जखम, थकवा, किल्ल्याचं वेड हे सगळं सातव्या ते दहाव्या भागात जमा झालेलं असतं, आणि ते नसेल तर शेवटचे तीन भाग नुसत्या मारामाऱ्या वाटतात.