‘मेन्स रिया’ची स्पायरल वही : तक्ता चोख, उद्देशाचा घोळ

साताऱ्यात पोवई नाक्यावर झेरॉक्सच्या दुकानात मिळणारी, ‘मेन्स रिया’वरची (गुन्ह्यामागचं दोषी मन) लॉच्या मुलांची ही वही, ६४ पानं, १२० रुपये. न्यायदंडाधिकारी परीक्षेसाठी जुन्या-नव्या कलमांच्या तक्त्यापुरती घ्यावी. पुढची पानं मात्र पेन्सिल हातात धरूनच वाचावीत.

तक्ता खरंच चोख आहे. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि भारतीय दंड संहितेची जुनी कलमं तोंडपाठ असलेल्यांची पंचाईत झाली. इथे २९९चं (सदोष मनुष्यवध) १००, ३००चं (खून) १०१, ३०४चं (सदोष मनुष्यवधाची शिक्षा) १०५, ३०४-अचं (निष्काळजीपणाने मृत्यू) १०६ असं समोरासमोर मांडलंय. मनोविकल व्यक्तीच्या कृतीचं २२, तेही बरोबर.

घोळ पुढे आहे. हेतू आणि उद्देश एकच धरलेत. बांधाच्या वादाचा राग हा हेतू. तो सिद्ध झाला नाही म्हणून खटला पडत नाही. कोयता जाणूनबुजून मानेवर मारला, हा उद्देश. त्यातूनच पुढचं वाक्य आलंय : ‘जीव घ्यायचा उद्देश नसेल तर खून नाही.’ साफ चूक. विरसा सिंग खटल्यात (१९५८) पोटात भाल्याचा एकच घाव होता. तीच इजा करायची होती का, आणि ती एरवी मरण यायला पुरेशी होती का, एवढंच पाहायचं. दुसऱ्या प्रश्नात आरोपीच्या डोक्यात शिरायचं कारणच नाही.

सगळ्यात खटकतं ते रानडुकरांचं उदाहरण. उसाच्या कडेने तारेत करंट सोडला, रात्री पाणी धरायला निघालेला शेजारी दगावला. वहीचं उत्तर : उद्देश नाही, सबब निर्दोष. चेरुबिन ग्रेगरी खटल्यात संडासाच्या वाटेवर उघडी तार लावणारा ३०४-अखाली दोषी ठरला. मयत विनापरवाना आत आली होती, हा बचाव चालला नाही. खरा वाद १०६ की १०५चा दुसरा भाग (उद्देश नाही, पण मरण येऊ शकतं ही जाणीव), हा. पायवाट वहिवाटीची होती का, झटका मशीन होतं की थेट लाइनचा करंट, आधी कुणाला शॉक बसल्याचं ठाऊक होतं का, यावरून जाणीव ठरते. फरक मोठा आहे : १०६(१) जामीनपात्र, कमाल ५ वर्षं, १०५ अजामीनपात्र, नुसती जाणीव असली तरी १० वर्षांपर्यंत.

सोन्याच्या आयातीचा मेयर हान्स जॉर्ज खटला (१९६५) आहे, त्याच्या जोडीचा, दोषी मनाची गरज मानणारा नथुलाल खटला नाही. छपाई फिकी, घेण्याआधी मधली पानं उघडून बघा.