घरगुती स्क्रीन प्रिंटिंग संच, आठ महिन्यांनंतर: माहितीपत्रकातून गळलेली एक ओळ

संचातली दुसरी जाळीही (चौकटीवर ताणलेलं बारीक विणीचं कापड, ज्याच्या भोकांतून शाई उतरते) परवा कायमची बुजली, म्हणून हे लिहिते आहे. आत काय काय येतं ते वेष्टनावर आहेच. चौकट सरळ आहे, स्क्वीजीचं, म्हणजे शाई ओढायच्या पट्टीचं, रबर अजून धारदार आहे. घोडं पेंड खातं ते एकाच ठिकाणी: शाई जाळीतच वाळते.

दहा-बारा छाप्यांत बारीक रेषा तुटू लागतात. पहिल्या महिन्यात मी शाईलाच वाईट ठरवलं होतं. ते मत आता मागे घेते. शाई चांगली आहे, सांगणारे कमी पडले. प्रत्येक छाप्यानंतर चौकट कापडावरून किंचित उचलून, अजिबात दाब न देता, शाईचा थर पुन्हा डिझाइनवर ओढून ठेवायचा असतो. भोकं रिकामी राहिली की उरलेल्या शाईतलं पाणी उडतं आणि बाइंडर (रंग कापडाला धरून ठेवणारा घटक) तिथेच घट्ट होतो. भरलेली राहिली तर पुढचं कापड अंथरेपर्यंत शाई ओली टिकते. नवशिक्यांसाठीच्या माहितीपत्रकात एवढी एक ओळ नसावी, याचा मला खरंच राग आहे.

पंखा बंद ठेवा. वाळणं लांबवणारं द्रावण शाईच्या शेकडा 5 पर्यंतच घाला. जास्त झालं की कडा पसरतात. गडद कापडावरची अपारदर्शक पांढरी शाई दाट असते, ती सगळ्यात आधी बुजवते.

सलग नक्षीत हा त्रास दुप्पट होतो. शेजारचा छापा ओला असताना चौकट टेकवली तर तो पुसला जातो, म्हणून एक सोडून एक छापायचं: आधी 1, 3, 5, ते वाळल्यावर 2, 4. मधल्या वेळात शाई जाळीत ठेवायची नाही. वाटीत काढा, जाळी लगेच गार पाण्याने दोन्ही बाजूंनी धुवा, उजेडासमोर धरून भोकं तपासा. गरम पाणी नको. माझ्या दोन्ही जाळ्या या मधल्या वेळातच गेल्या.

पहिल्या डिझाइनला 1 मिलिमीटरपेक्षा बारीक रेषा नकोच. 43टी जाळी (दर सेंटिमीटरला 43 धागे) त्यासाठी पुरते. 77टीची भोकं लहान, ती आणखी लवकर बुजतात.

बाकीचं थोडक्यात. नव्या कापडाची खळ साबणाने धुऊन काढा, नाहीतर रंग खळीवर बसतो आणि तिच्याबरोबर निघून जातो. चौकटीच्या कोपऱ्यांखाली 2-3 मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा ठेवला की जाळी कापडाला चिकटत नाही. रंग पूर्ण वाळल्यावर सुती कापड वर ठेवून, वाफ बंद करून, सुतीच्या तापमानावर प्रत्येक भागाला 3 ते 5 मिनिटं इस्त्री.

जाळी गेली म्हणून नवा संच घेऊ नका. चौकट तीच ठेवा, जाळीचं कापड सुटं मिळतं. ते ताणून स्टेपलरच्या पिना प्रत्येक बाजूच्या मधोमध सुरू करून कोपऱ्यांकडे मारत न्या. बोटाने दाबल्यावर जाळी ढिली लागली तर पिना काढून पुन्हा ताणा.