इचलकरंजीचा कॉल अमेरिकामार्गे: इंटरनेट फोनसेवेचा सात महिन्यांचा अनुभव

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं मशीनशॉप आहे, लूमचे सुटे भाग करतो. ऑर्डरी मी बघते. गिऱ्हाईक आमच्या वेबसाइटवरचं बटण दाबतं आणि कॉल इंटरनेटवरूनच माझ्या टेबलावर येतो. मी जागेवर नसले की तो गोकुळ शिरगावच्या युनिटवर दिरांकडे फॉरवर्ड होतो.

थेट कॉलबद्दल माझी काही तक्रार नाही, आवाज स्वच्छ येतो. फॉरवर्डनं मात्र नुकसान केलं. इचलकरंजीचे एक जुने गिऱ्हाईक "चौदाचे बुश" (दांड्यावर बसणाऱ्या नळ्या, चौदा हे माप) म्हणाले आणि लगेच "नको, सोळाचेच करा." तोवर दिरांनी "बरं, किती नग?" सुरू केलं होतं. दोघांचे शब्द एकमेकांवर चढले, त्यात ते "नको, सोळाचेच" बुडालं. साठ बुश चुकीचे होऊन पडले. गिऱ्हाईक चिडले, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

मिस्टर म्हणाले नेटचा प्लॅन वाढवू. १०० एमबीपीएसचा ३०० केला, काडीचा फरक नाही. एका कॉलच्या आवाजाला १०० केबीपीएस, म्हणजे एका एमबीपीएसचा दहावा भागसुद्धा पुरतो.

मग आवाज किती उशिरा पोचतो ते मोजायला एका रविवारी दोन फोन एका टेबलावर ठेवले, एकाचा माइक बंद केला, स्टीलच्या वाटीवर चमचा मारला आणि तिसऱ्या मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. वाटीचा टण् आणि फोनमधून येणारा टण् यांत थेट कॉलला १४० मिलिसेकंदांचं अंतर होतं, फॉरवर्डला ४१०. आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) जी.११४ शिफारस सांगते की एका बाजूचा उशीर १५० च्या आत असला तर बोलणं सहज होतं, आणि ४०० च्या वर तर तो जाऊच नये.

फोनसेवेच्या हेल्पडेस्कला चार पत्रं लिहिल्यावर उलगडा झाला. आमचा नंबर मुंबईच्या सर्व्हरवर, फॉरवर्डिंग अमेरिकेत व्हर्जिनियाला, आणि युनिटचं खातं सिंगापूरला. इचलकरंजी इथून तीस किलोमीटर, पण आवाज बत्तीस हजार किलोमीटर फिरून येत होता! काचेच्या तारेतून प्रकाश २०० किलोमीटरला १ मिलिसेकंद घेतो, म्हणजे १६० तर नुसत्या वाटेतच गेले. समुद्रातल्या केबली सरळ रेषेत नसतात, ते वेगळंच.

घंटी वाजवायचा निरोप लांबच्या सर्व्हरवरून आला तरी चालतं, रिंग थोडी उशिरा वाजेल इतकंच. पण यांचा सर्व्हर आवाजही स्वतःतूनच नेत होता, कारण आम्ही कॉलचं रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं. रेकॉर्डिंग मला हवंच आहे, ऑर्डरीचा पुरावा असतो तो. म्हणून फॉरवर्डिंग आणि युनिटचं खातं दोन्ही मुंबईला आणायला लावलं. परत वाटी वाजवली: १७०.

आता दीर निवांत बोलतात. सेवेला पाचपैकी तीन तारे. आवाजासाठी चार दिले असते, पण कुठला कॉल कुठल्या देशातून फिरतोय हे त्यांच्या पानावर आजही कुठेच दिसत नाही, आणि सर्व्हर बदलायचा तर पत्र लिहून चार-पाच दिवस थांबावं लागतं. घेणार असाल तर पैसे भरण्याआधीच लेखी विचारून घ्या, फॉरवर्डिंगचा सर्व्हर कुठे आहे.