नवी म्हणून गळ्यात मारलेली जुनी एसएसडी

सोलापुरात माझ्या मामांचं शाळेच्या गणवेशांचं शिलाई युनिट आहे. मापांच्या याद्या, बिलं, जीएसटी, सगळं एका जुन्या डेस्कटॉपवर. ऐन सीझनमध्ये तो इतका रखडायला लागला की हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकायचं ठरलं. उपाय योग्यच होता. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर हेड सरकत डेटा शोधतं, एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. म्हणून जुनं मशीनही चटकन चालू होतं.

नवी पेठेतल्या एका दुकानदाराने 512 जीबीची एसएसडी बसवून दिली. "सीलबंद माल आहे, मामा. तीन वर्षं बघायचं काम नाही." पक्कं बिल मागितलं तर "उद्या पाठवतो" म्हणाला आणि हातात साधी चिठ्ठी दिली.

थोड्याच दिवसांत मशीन मधेच अडकायला लागलं, फायली उघडेनात. दुकानदार म्हणाला, "तुमचा बोर्डच जुना आहे, त्याला काय करणार?" इथेच भलेभले गप्प बसतात, कारण यात अर्धं खरं आहे. आमचा मदरबोर्ड एच61 या जुन्या चिपसेटचा. त्याचा साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायची जागा, सेकंदाला 3 गिगाबिटचा (म्हणजे फार तर 300 एमबी), त्यामुळे पाकिटावर लिहिलेला सेकंदाला 550 एमबीचा वेग त्यावर मिळणारच नाही. पण बोर्ड जुना असल्याने वेग कमी मिळतो, फायली खराब होत नाहीत.

मग मी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकून पाहिलं. पॉवर ऑन अवर्स, म्हणजे डिस्क एकूण चाललेले तास, 21,000 च्या वर! म्हणजे रात्रंदिवस चालवली तरी दोन वर्षांहून जास्त वापरलेली. हेल्थच्या चौकोनात निळ्याऐवजी पिवळा रंग. बाहेर काढून उजेडात धरली तेव्हा चकचकीत स्टिकरच्या कडेखालून जुन्या स्टिकरचा चिकट पट्टा दिसला, आणि स्क्रूच्या खाचा घासलेल्या. कुणाच्या तरी मशीनमधून काढलेला माल कष्टाच्या पैशाला नवा म्हणून विकला, याची मला फार चीड आली.

एसएसडी बसवल्यावर दुकानातच हा तासांचा आकडा बघा. नवी असेल तर तास अगदी नगण्य दिसतात. काही जण हे आकडेही पुसून विकतात, म्हणून सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी तपासा आणि तोच नंबर पक्क्या बिलावर लिहून घ्या. 512 च्या जागी विंडोजमध्ये साधारण 476 जीबी दिसतात. तो मोजणीतला फरक आहे, त्यावरून वाद घालू नका. जुनी हार्ड डिस्क दुकानात ठेवूच नका. दुकानदार "भंगारात घेतो" म्हणत असतानाही मामांनी ती परत घेतली, म्हणून सगळ्या शाळांची मापं वाचली.

दुकानदार पैसे परत द्यायला तयार नाही. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवर त्यानेच पाठवलेला स्टिकरचा फोटो आणि सॉफ्टवेअरचा स्क्रीनशॉट जोडून आम्ही ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार; 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.