खिरेश्वरच्या धुक्यात ऑरगॅनिक मॅप्स

पावसाळ्यात खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगड चढताना, खिंडीनंतरचा कातळटप्पा संपला की पठारावर धुके इतके दाटते की दहा पावलांवरचा सोबतीही दिसेनासा होतो, आणि मोबाइलची रेंज त्याआधीच गेलेली असते. अशा वेळी ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या नकाशाच्या माहितीवर चालणारे ऑरगॅनिक मॅप्स हे मोफत, जाहिरातविरहित ॲप मला फार मोलाचे वाटले. महाराष्ट्राचा नकाशा घरीच उतरवून घेतला आणि वाटेची जीपीएक्स फाइल (जीपीएसवर नोंदवलेली वाट साठवणारी फाइल) त्यात घातली की पुढे इंटरनेट लागत नाही; आपण वाटेपासून किती भरकटलो, हे पडद्यावरचा बाण लगेच दाखवतो. नकाशा स्वयंसेवकांनी भरलेला असल्यामुळे प्रत्येक ढोरवाट त्यात सापडेलच असे नाही, म्हणून निघण्यापूर्वी खिरेश्वरच्या गावकऱ्यांकडून वाट समजून घ्यावीच.