इंटरनेटचा भत्ता बरा की बिलाची भरपाई?

घरून काम करताना वायफाय आपलं, मोबाइल आपला आणि काम कंपनीचं. हा खर्च कंपनीनेच उचलायला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न फक्त कसा, एवढाच.

पगारात दरमहा ठरावीक भत्ता आला की कटकट नाही. बिलं जपायला नकोत, एचआरच्या मागे लागायला नको. पण तो पूर्ण करपात्र. 30 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकर धरून 1,000 रुपयांतले 688च हातात पडतात. इकडे 999चा ब्रॉडबँड प्लॅन 18 टक्के जीएसटी लागून 1,179च्या घरात जातो. मग उरलेले कुणी भरायचे?

बिल दाखवून भरपाई घेतली तर फोनच्या प्रत्यक्ष खर्चावर कर लागत नाही. मात्र बहुतेक कंपन्या बिल कर्मचाऱ्याच्याच नावावर मागतात, आणि घोडं तिथेच अडतं. भाड्याच्या घरात कनेक्शन घरमालकाच्या नावावर, नाहीतर गावाकडच्या वडिलांच्या. प्रीपेडवाल्यांकडे तर रिचार्जचा मेसेज तेवढा असतो.

म्हणून ऑफिसच्या मंडळींनी भरपाईच मागावी, कनेक्शन आधी स्वतःच्या नावावर करून घ्यावं. विक्रीसाठी, वसुलीसाठी दिवसभर फिरणाऱ्या मुलांचं वेगळं. ती प्रीपेडवर असतात आणि अनेकांचा पगार कर लागण्याइतका नसतोच. त्यांना सरळ भत्ता द्यावा, तोही महिन्याच्या सुरुवातीला, कारण रिचार्जचे पैसे आधी मोजावे लागतात.