स्कोपची एलेव्हेशन संपली: पॅकिंग घालावं, रिंगा बदलाव्यात की उताराचा माउंट घ्यावा?

ब्रेक-बॅरल स्प्रिंग एअर रायफलवर स्कोप (निशाण्याची दुर्बीण) चढवला, एलेव्हेशनचा, म्हणजे निशाणा वर-खाली जुळवायचा टरेट (स्कोपवरची घुंडी) टोकापर्यंत फिरवला, तरी छर्रा खालीच लागतोय, ही तक्रार नेहमीची. अशा रायफलींचं बॅरल बिजागरीवर उघडतं आणि बंद झाल्यावर त्याचं तोंड पुष्कळदा किंचित खाली झुकलेलं राहतं. कारखान्यातून येणारी उघडी साईट बहुतेक वेळा बॅरलच्याच अंगावर असते, त्यामुळे तिच्यावर हा झुकाव जाणवत नाही. स्कोप रिसीव्हरवर, म्हणजे बॅरलमागच्या मुख्य भागावर बसतो, म्हणून तिथे तो लगेच कळतो. जर्मन डायना 34 तर यासाठी प्रसिद्धच आहे.

टरेट शेवटच्या क्लिकवर नेऊन काम भागलं तरी तसं ठेवू नका. त्या टोकाला आतल्या नळीला आधार देणाऱ्या स्प्रिंगचा ताण सर्वात कमी असतो, आणि स्प्रिंग रायफलीच्या दुहेरी (मागे आणि पुढे) धक्क्यात झिरो, म्हणजे जुळवून ठेवलेला निशाणा, हलायला लागतो. शिवाय डावी-उजवीकडची फिरतही कमी होते. हे कोन सुधारून सोडवायचं काम आहे.

पैसे खर्च करण्याआधी मात्र मोजा. टरेट एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत क्लिक मोजत फिरवा आणि निम्म्यावर आणा. 25 मीटरवर कागद लावा, पाच छर्रे मारा, गट निशाण्याच्या किती खाली पडला ते पट्टीने पाहा. समजा 15 सेंमी. म्हणजे 150 मिमी भागिले 25,000 मिमी, उत्तर 0.006. स्कोप धरणाऱ्या दोन रिंगांमधलं अंतर 100 मिमी असेल तर मागची रिंग 0.6 मिमी उचलायला हवी. एमओएत (एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) सांगायचं तर साधारण 20. हा आकडा हातात आला की निम्मा निर्णय झालाच.

आता पॅकिंग. थंड पेयाच्या कॅनची पत्ती साधारण 0.1 मिमी जाड असते, जुनी 35 मिमी निगेटिव्ह थोडी जास्त, 0.14 च्या आसपास. मागच्या रिंगच्या खालच्या अर्ध्यात, स्कोपच्या नळीखाली ती घालायची. 100 मिमी अंतरावर 0.1 मिमीची एक पत्ती 25 मीटरवर छर्रा अडीच सेंमीने वर आणते. मला निगेटिव्ह जास्त आवडते, कारण ती नळीला ओरखडत नाही आणि पकडही चांगली देते.

एक थर बिनधास्त, दोन चालतील. वरच्या उदाहरणातल्या 0.6 साठी कॅनच्या सहा पत्त्या लागतील, आणि तिथे मी ठामपणे नको म्हणेन. नळी तिरकी झाली तरी रिंगची खोबण सरळच राहते. 22 मिमी रुंदीच्या रिंगमध्ये या कोनाने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत 0.13 मिमीचा फरक पडतो. म्हणजे रिंग नळीला पूर्ण रुंदीभर न धरता कडेने चावते. स्क्रू आवळाल तसा नळीवर वळ उठतो, जास्तच आवळलं तर नळी वाकते आणि टरेट अडकायला लागतो. महागड्या स्कोपवर हा धोका पत्करण्यासारखा नाही.

0.3 मिमीच्या पुढे गरज असेल तर माझी पहिली पसंती बरिस कंपनीच्या सिग्नेचर रिंगांना. त्यांच्या आत प्लॅस्टिकचे गोलसर इन्सर्ट असतात, ते नळीच्या कोनाप्रमाणे स्वतः फिरतात, त्यामुळे चावण्याचा प्रश्नच मिटतो. ऑफसेट इन्सर्ट 5, 10 आणि 20 थाऊचे मिळतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मागे 10 वर, पुढे 10 खाली असे बसवले की एकूण 20 थाऊ, म्हणजे 0.5 मिमी. आपली 0.6 ची गरज जवळपास भागली, उरलेलं टरेट सहज सांभाळतो. घेताना एवढंच पाहा की रिंगचा पाया तुमच्या रायफलीच्या 11 मिमी डव्हटेलसाठी (तिरप्या कडांची अरुंद खाच) आहे की पिकाटिनीसाठी (आडव्या खाचांची रुंद रेल).

ड्रूप माउंटमध्ये, म्हणजे उताराच्या माउंटमध्ये, कोन कारखान्यातच कापलेला असतो. एकसंध असतो, स्टॉप पिन असेल तर मागे सरकत नाही, आणि बसवून विसरून जाता येतं. ज्याला जुळवाजुळव नको त्याने हाच घ्यावा, पण कोन ठरलेला असल्याने आधीचं मोजमाप इथे सर्वात महत्त्वाचं. इंग्लंडच्या स्पोर्ट्समॅचसारख्या पूर्ण ॲडजस्टेबल रिंगा वर-खाली आणि डावी-उजवीकडेही जुळतात. फील्ड टार्गेटवाल्यांना (वेगवेगळ्या अंतरावरची निशाणं एअर रायफलीने पाडायच्या स्पर्धेतल्या नेमबाजांना) त्या हव्याच असतात. बाकीच्यांसाठी त्या उंच पडतात, आणि आवळायला स्क्रू वाढतात.

दारूच्या गोळीवर चालणाऱ्या रायफलींचं गणित वेगळं. तिथे बॅरलचा झुकाव नव्हे, अंतर आडवं येतं. .22 ला 50 यार्डांवरून 200 वर जायला सुमारे 25 एमओए लागतात. तिथे पॅकिंगचा विचारही नको, सरळ 20 एमओए उताराची रेल घ्या. 60 एमओए फिरतीच्या स्कोपला वर 30 ऐवजी 50 मिळतात, खाली 10 उरतात. स्कोपची एकूण फिरत 40 पेक्षा कमी असेल तर मात्र जवळच्या अंतरावर झिरोच होणार नाही. (आपल्याकडच्या ऑलिंपिक नेमबाजांना ही अडचण नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं ते पीप साईटवर, म्हणजे बारीक छिद्रातून पाहायच्या साईटवर. त्या प्रकारात स्कोप चालत नाही.)

काहीही घेतलंत तरी रिंगच्या टोपीचे स्क्रू तिरपे-समोरासमोर, थोडे थोडे आवळा. 2 न्यूटन मीटरच्या पुढे जाऊ नका. आणि गट कधी 15, कधी 8 सेंमी खाली पडत असेल तर रिंगा विकत घेण्याआधी बॅरलचा लॉक आणि बिजागरीचा स्क्रू तपासा. बॅरल दर वेळी वेगळ्या जागी बंद होत असेल तर कोणताही माउंट त्याला पुरा पडणार नाही.